डिपर म्हणजे डिम नव्हे

हायवेला ट्रकच्या मागे अडकलात की वाचायला भरपूर साहित्य मिळतं. 'हॉर्न ओके प्लीज' (हे लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, तरी दिसतंच), आईचा आशीर्वाद, मुलांची नावं, आणि डाव्या-उजव्या कोपऱ्यात 'यूज डिपर ॲट नाईट'. कधी पेंटरकाका 'डिपर'चं स्पेलिंग असं करतात की त्याचा अर्थ 'रात्री आणखी खोल जा' असा होतो. २०१६ मध्ये टाटा मोटर्स आणि टीसीआय फाऊंडेशनने याच ओळीवरून ट्रक ड्रायव्हरांसाठी 'डिपर' नावाचे कंडोम काढले होते. एड्सच्या जनजागृतीसाठी इतकी आयती पाठ असलेली ओळ दुसरी कुठली मिळणार!

तर मंडळी, इतक्या वेळा वाचलेल्या या शब्दाचा अर्थ मला येत नव्हता. म्हणजे येतो असं वाटत होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, 'हे अप्पर, हे डिपर. समोरून गाडी आली की डिपर.' मी मनात टिपून ठेवलं : अप्पर म्हणजे जास्त लाईट, डिपर म्हणजे कमी लाईट. डिपर म्हणजेच डिम. दोन्ही शब्द 'डि'ने सुरू होतात, दोन्ही समोरच्याच्या सोयीसाठी आहेत, आणि लोक दोन्ही बोलतात. कुणी म्हणतं 'डिपर मार', कुणी म्हणतं 'लाईट डिम कर रे'. फरक असेल असं वाटायचं काही कारणच नव्हतं. सोळा वर्षं मी याच समजुतीवर गाडी चालवली. चालवली म्हणजे, अभिमानाने चालवली. शहरात, गावात, घाटात, कुठेही समोरून कुणी आलं की आपण डिपर. मित्रांना यावर लेक्चरही दिलेलं आहे.

मग गेल्या डिसेंबरातला तो शनिवार आला.

माझं आजोळ वेल्ह्याच्या अलीकडे. (२०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, पण मामाच्या तोंडात अजून वेल्हंच आहे.) दरवर्षी भात निघालं, गिरणीतून भरडून आलं की मामाचा फोन येतो, 'तांदूळ न्यायला या.' इंद्रायणी. नव्या तांदळाचा भात गिचका होतो आणि घरभर वास सुटतो, त्याबद्दल परत कधीतरी. यंदा ठरलं असं की आमची दोन पोती, भोरच्या मावशीची दोन पोती, आणि मामा-मामीला पण भोरला मावशीकडे सोडायचं. सकाळी मामाला भोरला डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मोतीबिंदू.

पोती तीस-तीस किलोची. म्हणजे डिकीत एकशेवीस किलो. मागच्या सीटवर बायको, मुलगी आणि मामी. मामीच्या पायाशी लोणच्याची बरणी, वर एक नाचणीची पिशवी 'राहू दे, कुठं जड हाय'. पुढे मी आणि मामा. छोटी हॅचबॅक बिचारी. मामाने गाडीकडे मागून एकदा बघितलं आणि नुसतं 'हं' केलं. त्या 'हं'कडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मामाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मामाने तीस वर्षं दुधाचा टेम्पो चालवला. वेल्ह्याकडून नसरापूर, तिथून हायवेने पुणे. पहाटेचा अंधार, पाऊस, धुकं. मला गाडी चालवायला सुरुवातीला त्यानेच बसवलं होतं. पाच वर्षांपूर्वी त्याने रात्रीचं चालवणं सोडलं. 'समोरच्या लाईटी फुटत्यात,' म्हणायचा. आम्हाला वाटायचं कंटाळला असेल. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं आणि आत आलेला प्रकाश सगळीकडे पसरतो, एका दिव्याचं पांढरं धुकं होतं, हे आम्हाला डॉक्टरने सांगितल्यावर कळलं.

निघालो तेव्हा सात वाजून गेले होते. तोरणा मागे काळा उभा. विंझर सोडलं आणि समोरून पहिली गाडी आली. मी लगेच डिपर. तरी तिने माझ्यावर दोनदा फ्लॅश मारला. मी म्हटलं, असेल कुणी. दुसरी आली, तिनेही. तिसरी एक जीप, तिने तर अप्पर लावून तसाच ठेवला. आता मला राग यायला लागला. मी ते केलं जे आपण सगळेच करतो : क्षणभर अप्पर मारून दाखवला. म्हणजे, 'बघ, अप्पर हा असा असतो, मघाशी होता तो डिपर होता, अक्कल नाही का तुला?' एवढं सगळं वाक्य त्या एका झटक्यात असतं.

"काय माणसं आहेत," मी म्हटलं. "डिपरवर असूनसुद्धा बोंबलतायत."

मामा काही बोलला नाही. तो काचेतून पुढे बघत होता. रस्त्याकडे नाही, झाडांकडे.

मार्गासनीच्या आधी एका वळणावर समोरून मोटारसायकल आली. मी डिपरवर. तिचा लाईट हलला, डावीकडे गेला, आणि नाहीसा झाला.

गाडी थांबवून पळत गेलो. मोटारसायकल रस्त्याच्या कडेला, साईडपट्टीच्या मातीत आडवी. एक तिशीचा माणूस उठून उभा राहत होता. त्याची बायको बसलेली होती आणि तिच्या पोटाशी घट्ट धरलेलं तीन-चार वर्षांचं पोर. पोर जोरात रडत होतं. (नंतर मामी म्हणाली, रडतंय म्हणजे चांगलं. मला तेव्हा ते कळायची अवस्था नव्हती.) माणसाच्या तळहाताची साल निघाली होती, बाईचा गुडघा खरचटला होता, पोराला काहीही लागलं नव्हतं. दोन हातांवर पुढे सिमेंटची मोरी होती. तिचा कठडा मला अजून दिसतो.

"अप्पर मारून काय येताय साहेब?" तो म्हणाला. "काय दिसतंच न्हाय समोरचं."

आणि मी, त्या पोराच्या रडण्यात, काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "डिपरच होता हो! खरंच डिपर होता!"

हे वाक्य खरं होतं. ते उच्चारल्याची लाज वाटते ती त्यामुळेच.

मामा तोपर्यंत हळूहळू उतरून माझ्या गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला होता. डोळ्यांवर हात धरून. मग परत आला आणि त्या माणसाला म्हणाला, "बाबा, तुझं बराबर हाय. आमचीच चुकी." मला म्हणाला, "आरं, लाईट वर गेलीया तुझी. मागं एवढं वझं टाकलंस, तोंड वर केलंय गाडीनं."

त्या कुटुंबाला दवाखान्यात नेतो म्हटलं तर ते नको म्हणाले, घर जवळच होतं. मामीने पाणी दिलं, बायकोने फर्स्ट एडच्या पेटीतून पट्टी काढली. मोटारसायकलचा एक इंडिकेटर आणि क्लचचा दांडा मोडला होता. तो पैसे घेईना, मग मामाने मध्यस्थी करून घ्यायला लावले. फोन नंबर घेतला. ते गेले. मग मामाने मला थोडं पुढे एका एसटीच्या थांब्यासमोर गाडी उभी करायला लावली, भिंतीपासून दहा-बारा मीटरवर, तोंड भिंतीकडे.

"डिपर लाव."

लावला. भिंतीवर प्रकाशाची एक स्वच्छ कड दिसली. खाली उजेड, वर अंधार. आणि ती कड हेडलाईटच्या उंचीच्याही वर होती.

"आता बॅटरी समज," मामा म्हणाला. "राती वाटंला माणूस भेटला तर बॅटरी तोंडावं मारतोस का पायावं?"

"पायावर."

"बारीक करतोस का?"

"नाही."

"मंग."

बस्स. सोळा वर्षांची समजूत त्या 'मंग'मध्ये संपली. कंदील असता तर दोन गोष्टी करता आल्या असत्या : वात कमी करणं आणि कंदील खाली धरणं. डिम म्हणजे वात कमी करणं. डिप म्हणजे कंदील खाली धरणं. ट्रकवर जे लिहिलंय ते दुसरं आहे. मी मात्र पहिलं समजून बसलो होतो. आणि प्रकाश 'कमी' केलाय म्हटल्यावर तो कुणाच्या डोळ्यात जाऊच कसा शकतो, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मी एका अँगलला बूलियन समजत होतो. ट्रू किंवा फॉल्स. डिपर ऑन, विषय संपला.

मग रविवारी रात्री घरी आल्यावर झोप लागेना म्हणून वाचत बसलो. त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

हॅलोजनच्या जमान्यात आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत जो बल्ब असायचा, आणि अजून पुष्कळ गाड्यांत आहे, तो एच-४. १९७१ मध्ये आला. त्यावर लिहिलेलं असतं ६०/५५ वॅट. साठ अप्परचे, पंचावन्न डिपरचे. म्हणजे फरक फक्त पाच वॅटचा! डिपर हा डिम नाहीच. जवळजवळ तेवढीच वीज, पण बल्बच्या आत दुसरी तार आणि त्या तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी. ती वाटी खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, त्यामुळे आरशाचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि झोत खाली पडतो. एकाच बल्बमध्ये दोन तारा घालायची ही कल्पना जुनी आहे. ओसरामने असा बल्ब १९२०च्या दशकात 'बायलक्स' नावाने आणला.

त्याच्याही आधी दोन्ही पंथ खरोखर वेगळे होते. काही गाड्यांत लाईटच्या वाटेत एक रेझिस्टन्स घालून तो मंद करायचे, तो खरा डिमर. त्याची अडचण उघड आहे : समोरच्याला त्रास कमी, पण आपल्यालाही रस्ता दिसत नाही. इंग्लंडात दुसरी पद्धत चालली. तिथे आरसा किंवा अख्खा दिवाच यंत्राने खाली झुकवायचे. झुकवणे म्हणजे डिप. झेंडा झुकवतात त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. पुढे तंत्र सगळीकडे सारखंच झालं, प्रकाश सगळेच खाली वळवायला लागले, पण शब्द राहिले. अमेरिकन माणूस अजूनही लाईट 'डिम' करतो, इंग्रज 'डिप' करतो. आपल्याकडे साहेबाचा शब्द आला, आणि त्याच्या शेजारी दुसराही येऊन बसला. आपण त्यांची गोधडी केली.

आपला कायदा मात्र या बाबतीत स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम हेडलाईटच्या झगमगाटाबद्दल आहे, आणि त्यात भाषा आहे ती प्रकाश खाली वळवण्याची. मंद करण्याची नाही.

आणि गंमत बघा, आपण एके काळी हेडलाईटच्या काचेवर काळा रंग फासायचो. आठवतंय? स्कूटरच्या, ट्रकच्या दिव्यावर वर काळा पट्टा किंवा मधोमध काळा ठिपका. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआऊटसाठी रंगवत, पुढेही कितीतरी वर्षं शहरांतून हे चाललं. तो डिमचा विचार. काच काळी केली की सभ्यपणाचं काम झालं, झोत कुठे जातोय ते कुणी बघायचं नाही. आजचं रूप म्हणजे बाजारातून आणलेला पांढराशुभ्र एलईडी बल्ब हॅलोजनच्या जुन्या दिव्यात बसवायचा. त्या दिव्याचा आरसा तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचा उजेड वेगळ्या जागेतून निघाला की ती भिंतीवरची स्वच्छ कड फिसकटते आणि डिपरही जमेल तिकडे उधळतो.

आता माझ्या गाडीचं गणित. डिपरचा झोत साधारण दर मीटरला एक सेंटीमीटर खाली उतरावा अशी मांडणी असते. दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर धरला तर ती कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. माझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे २.४ मीटर अंतर आहे. मागची बाजू पुढच्यापेक्षा चार सेंटीमीटर जास्त बसली, फक्त चार, की गाडीचं तोंड जवळपास एक अंश वर होतं. एक अंश म्हणजे मीटरला पावणेदोन सेंटीमीटर. म्हणजे खाली उतरणारा झोत आता मीटरला पाऊण सेंटीमीटर वर चढायला लागला. शंभर मीटरवर तो सुमारे १३५ ते १४० सेंटीमीटर उंचीवर असतो. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तिथेच असतात.

चार पोती तांदूळ, तीन माणसं, एक बरणी आणि 'कुठं जड हाय' म्हणून ठेवलेली नाचणी. एवढ्याने डिपरचा अप्पर होतो.

डोळे दिपले की ते परत सावरायला काही सेकंद लागतात, वय वाढलं की आणखी. ताशी ५० किलोमीटरला एका सेकंदात जवळपास १४ मीटर रस्ता मागे जातो. तो माणूस तीन सेकंद आंधळा झाला असेल तर चाळीसेक मीटर तो बायको-पोराला घेऊन अंदाजाने चालवत होता. वळणावर. मोरीच्या दिशेने.

यावर इलाज काय? इलाज माझ्या उजव्या गुडघ्याजवळ, स्टिअरिंगच्या खाली, गाडी घेतल्यापासून होता. एक छोटं चक्र, त्यावर दिव्याचं चित्र आणि ०, १, २, ३ असे आकडे. मला वाटायचं डॅशबोर्डच्या लाईटचं असेल. ते हेडलाईट खाली-वर करण्याचं चक्र. एकटे असाल तर शून्य, गाडी भरली की वाढवायचं. मामाने त्या थांब्यासमोर मला ते शोधायला लावलं. त्याच्या टेम्पोत असलं काही नव्हतं, तो पाना घेऊन दिवे खाली करायचा. पण 'तुमच्यात आसतंय कायतरी' एवढं त्याला माहीत होतं. तीनवर नेलं आणि भिंतीवरची कड वीतभर खाली आली.

तिथून नसरापूर, कापूरहोळ, भोर. एकानेही फ्लॅश मारला नाही. आधीचे सगळे, ज्यांना मी अक्कल शिकवत होतो, ते मला एरर मेसेज पाठवत होते. आपण लॉगमध्ये तोच एरर दहा वेळा आला तर कोड बघतो. इथे मी दहाही वेळा युजरलाच शिव्या दिल्या.

भोरला पोचेपर्यंत गाडीत फारसं कुणी बोललं नाही. राजवाड्याच्या बाजूला वळताना मी मामाला विचारलं, "तुम्हाला आधीच कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"

मामा म्हणाला, "मला आता राती धड दिसत न्हाय. वाटलं, माझ्याच डोळ्याचं आसंल."

ज्या माणसाने तीस वर्षं या रस्त्यावर अंधारात दूध नेलं, त्याने त्या रात्री स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, कारण शेजारी गाडी चालवणारा भाचा इतक्या खात्रीने 'मी डिपरवर आहे' म्हणत होता. हे मला त्या मोरीपेक्षा जास्त लागलं.

असो. मामाच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. परवा फोनवर सांगत होता की चंद्र एकच दिसायला लागला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, समोरच्या भिंतीवर मी एक चिकटपट्टी लावून ठेवली आहे. गाडी भरली की आधी तिच्याशी मेळ बघतो. वॉचमनला वाटतं काहीतरी वास्तूचं आहे.

तुमच्या गाडीतही ते चक्र असण्याची शक्यता आहे. नवीन काही गाड्यांत ते आपोआप होतं, बऱ्याच गाड्यांत नाही. मोटारसायकलला तर बहुतेक नसतंच, तिथे मागे माणूस बसला की दिवा आपसूक वर. त्यामुळे गावाहून तांदूळ, आंबे, सासुरवाडीचा फराळ जे काही भरून आणाल, ते भरल्यावर एकदा भिंतीसमोर उभं राहून बघा.

दोन दिवसांनी मी त्या माणसाला फोन केला होता. हात बरा होता, पोरगं मजेत होतं. क्लचचा दांडा बसवून घेतला म्हणाला. मी परत एकदा माफी मागितली. 'जाऊ द्या हो' म्हणाला. मग फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "साहेब, लाईट खाली केली का?"

म्हटलं, केली.